मापाची तालीम : कांदिवलीतील गिटारचे सबक आणि आपले हुनर

या पानावर सुताचे भाव, यंत्रमागाची मंदी, उधारीची वसुली असे विषय नेहमी येतात. आज आम्ही गिटार शिकवण्याच्या धंद्याविषयी लिहिणार आहोत. व्यापाराच्या पानावर हा विषय कशाला, असा सवाल काही वाचक करतील. त्यांनी लेख शेवटपर्यंत वाचावा, एवढीच विनंती. दुकान लागत नाही, गोदाम लागत नाही, पागडी लागत नाही, आणि विकायचा माल म्हणजे उस्तादाचे लक्ष, असा एक धंदा आमच्या कांदिवलीत चांगला चालला आहे. आपल्या कारागीर बांधवांनी त्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

कांदिवलीतला धंदा

रेल्वेने कांदिवलीचे दोन भाग केले आहेत. पश्चिमेला महावीर नगर, चारकोप, डहाणूकरवाडी. पूर्वेला हायवे ओलांडला की ठाकूर व्हिलेज आणि लोखंडवाला. दोन्हीकडे उंच इमारती झाल्या, आणि त्यांत नोकरदार व व्यापारी कुटुंबे राहायला आली. या घरांतील मुलांना चित्रकला, कराटे, नृत्य, बुद्धिबळ असे काही ना काही शिकवण्याची रीत आहे. त्यातच गिटार आले.

एकेकाळी मुंबईत पाश्चात्त्य वाद्ये शिकवण्याचे काम मुख्यतः गोव्याच्या व ईस्ट इंडियन ख्रिस्ती शिक्षकांच्या हाती होते. धोबी तलाव आणि वांद्रे ही त्यांची ठिकाणे. वाद्ये व नोटेशनची पुस्तके विकणारी फुर्ताडोस ही पेढी १८६५ सालापासूनची आहे, यावरून हा बाजार किती जुना आहे ते कळते. आता हे काम उपनगरांत पसरले आहे आणि सर्व समाजांतील तरुण त्यात उतरले आहेत.

आमच्याकडून अस्तर आणि कॅनव्हास नेणाऱ्या एका शिंपी मास्टरांचा मुलगा त्यांपैकी एक. वय तिशीच्या आत. तो क्लासिकल गिटार शिकवतो, तेही एका वेळी एकाच विद्यार्थ्याला, बहुतेक वेळा विद्यार्थ्याच्या घरी जाऊन. नाव छापू नये असे त्याचे म्हणणे आहे, म्हणून छापत नाही. आम्ही त्याच्याकडून धंद्याची सर्व माहिती बारकाईने विचारून घेतली.

आधी वाद्य समजून घेऊ

सिनेमात दिसते ते गिटार बहुधा पोलादी तारांचे किंवा विजेचे असते. क्लासिकल गिटार निराळे. त्याला नायलॉनच्या तारा असतात, पट्टी रुंद असते, आणि ते उजव्या हाताच्या बोटांनी छेडतात. वादक डावा पाय छोट्या पायपाटावर ठेवून बसतो.

कापडाच्या व्यापाऱ्याला या तारांत विशेष रस वाटेल. पूर्वी त्या जनावराच्या आतड्यापासून बनत. १९३८ साली अमेरिकेत नायलॉन जाहीर झाले. पुढे महायुद्ध आले, जखमा शिवण्यासाठी आतड्याच्या दोऱ्याची गरज वाढली आणि वाद्यांसाठी तो मिळेना. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट ऑगस्टीन या कारागिराने नायलॉनच्या तारा बनवल्या आणि आंद्रेस सेगोव्हिया या प्रख्यात स्पॅनिश वादकाने त्या स्वीकारल्या. वरच्या तीन तारा म्हणजे नुसता नायलॉनचा एकेरी धागा. खर्जाच्या तीन तारांत मात्र आत नायलॉनच्या बारीक तंतूंचा जुडगा असतो आणि त्यावर चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची तार गुंडाळलेली असते. आपले जरीवाले बांधव हे वाचून हसतील. धाग्यावर धातूची तार चढवणे हे तर त्यांचेच काम.

वाद्याचे मूळही आपल्याला अगदी परके नाही. 'गिटार' हा शब्द स्पॅनिशमध्ये अरबी 'कीतारा'वरून आला असे मानतात, आणि अरबीत तो यूनानीतून आला. आज जे क्लासिकल गिटार जगभर वाजते त्याचा आकार स्पेनमधील आल्मेरियाच्या आंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) या सुताराने पक्का केला. आल्मेरिया हे मुळात अरबांनी वसवलेले बंदर, अंदलूसच्या मुलखातले.

झिर्याबची परीक्षा

त्याच अंदलूसची एक हकिकत शिक्षणाच्या दृष्टीने सांगण्यासारखी आहे. ८२२ साली झिर्याब नावाचा गवई बगदादकडून मजल दरमजल करीत कुर्तुबा येथे आला. त्याने ऊद या वाद्याला पाचवी तार जोडली आणि संगीताची शाळा काढली. सतराव्या शतकातील इतिहासकार अल-मक्करी याने त्याच्या शिकवण्याची पद्धत लिहून ठेवली आहे. नवा शागीर्द आला की झिर्याब त्याला गादीवर बसवून मोठ्याने आवाज काढायला सांगे. आवाज कमजोर निघाला तर कमरेला पगडी आवळून बांधायला लावी. जबडा नीट उघडत नसेल तर तोंडात लाकडाचा लहान तुकडा ठेवून काही रात्री काढायला सांगे. म्हणजे आधी शागिर्दाची तपासणी, मग त्याच्या कमतरतेवर त्याच्यापुरता उपाय, आणि त्यानंतर सबक.

ही गोष्ट अकराशे वर्षांहून जुनी आहे. आज विद्यार्थ्याला केंद्रस्थानी ठेवून शिकवणे ही नवी पद्धत म्हणून सांगितली जाते. आमच्या मते ती उस्तादांची जुनीच रीत आहे.

माप कसे घेतात

कांदिवलीतील हा तरुण हेच करतो. आम्ही विचारले, पहिला सबक कोणता देतोस? तो म्हणाला, "चाचा, मुलाला पाहिल्याशिवाय सबक ठरत नाही. अब्बा गिऱ्हाईक पाहिल्याशिवाय कापडाला कात्री लावतात का?"

पहिल्या भेटीत तो चार गोष्टी पाहतो.

पहिली, शरीर. पूर्ण मापाच्या गिटारची तार साधारण ६५० मिलिमीटर लांब असते. आठ वर्षांच्या मुलाला ते दिले तर मनगट वाकडे होते, खांदा उचलला जातो, आणि सहा महिन्यांत मूल कंटाळते. लहान मुलांसाठी अर्धे व पाऊण मापाचे गिटार मिळते. तरीही 'पुढे उपयोगी पडेल' म्हणून आईबाप मोठेच घेतात, जसा शाळेचा गणवेश दोन वर्षे पुरावा म्हणून ढगळ घेतात. गणवेशाला दुमड घालता येते, गिटारला घालता येत नाही.

दुसरी गोष्ट, येण्याचे कारण. कोणाला परीक्षा द्यायची असते, कोणाला एकच आवडती धून वाजवायची असते, आणि कोणाला फक्त आईने पाठवलेले असते. पन्नाशीचा एखादा बँकेतला नोकर निवृत्तीपूर्वी मनातली हौस पुरी करायला येतो. या सर्वांना एकच पुस्तक पहिल्या पानापासून लावले तर अर्धे जण निघून जातील.

तिसरी, वेळ. रोज किती मिनिटे मश्क होऊ शकेल, हे तो खरे खरे विचारतो. पंधरा मिनिटे असतील तर सबक पंधरा मिनिटांचा. तासाभराचा सबक देऊन मुलाला दर आठवड्याला शरमेने मान खाली घालायला लावण्यात फायदा कोणाचाच नाही.

चौथी, समजण्याची तऱ्हा. कोणी कागदावरील खुणा वाचून लवकर शिकतो, कोणी ऐकून, कोणी हात पाहून. ज्याचा कान तयार आहे त्याला आधी ऐकवायचे आणि कागद मागाहून आणायचा.

हे सारे तो एका वहीत लिहितो. प्रत्येक विद्यार्थ्याचे वेगळे पान असते: काय दिले, कुठे अडले, पुढच्या वेळी काय. मास्टर लोकांच्या मापाच्या वहीसारखीच ही वही. छाती, कंबर, बाही यांच्या जागी बोट, कान आणि सवय. आणि मोठ्या कामात कच्ची शिलाई करून अंगावर घालून पाहतात, तसा तो दर तीन महिन्यांनी ठरवलेला रस्ता तपासतो आणि लागेल तिथे उसवतो.

एक उस्ताद, दोन शागीर्द

मापाने शिकवल्याचा परिणाम काय होतो याचा दाखला गिटारच्या इतिहासातच आहे. स्पेनचा फ्रान्सिस्को तार्रेगा (१८५२–१९०९) हा आधुनिक क्लासिकल गिटारचा मोठा उस्ताद. ग्रानाडाच्या अलहंब्रा महालाच्या आठवणींवर रचलेली त्याची धून जगभर वाजवली जाते. त्याचे दोन नामवंत शागीर्द म्हणजे मिगेल ल्योबेत आणि एमिलियो पुजोल. ल्योबेत नखांनी वाजवी, पुजोल नखे न वापरता बोटांच्या मांसल टोकांनी. एकाच उस्तादाचे दोघे, पण दोघांचा सूर निराळा. दोघेही मोठे झाले.

आपल्याकडे उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांचे उदाहरण घ्या. किराना गावात जन्मलेले हे उस्ताद मिरजेत स्थायिक झाले आणि तिथेच ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन झाले. १९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. मराठी रंगभूमी गाजवणारे सवाई गंधर्व त्यांचे शागीर्द आणि पुढे पाकिस्तानात नावाजलेल्या रोशन आरा बेगमही त्यांच्याच. दोन गळे, दोन मिजाज, तालीम एका घरची.

वर्गात शिकवण्याच्या पद्धतीला आम्ही कमी लेखत नाही. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि पुस्तके, वर्ग, परीक्षा यांच्या मार्गाने संगीत सामान्य घरांत नेले. ज्याला उस्तादाच्या घरी राहणे शक्य नव्हते त्याला दार उघडले. रेडीमेड कपड्यानेही गरिबाचे अंग झाकले आहे. पण ज्याचा खांदा उतरता आहे त्याला रेडीमेड कोट बसत नाही, आणि मापाचा शिंपी टिकतो तो त्याच्यामुळे.

परीक्षेचा कागद

लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या आणि असोसिएटेड बोर्डाच्या परीक्षा मुंबईत पूर्वीपासून होतात. पहिल्या ग्रेडपासून आठव्यापर्यंत पायऱ्या आहेत. परीक्षा चांगली गोष्ट आहे, शिस्त लागते आणि प्रमाणपत्राला किंमत आहे. अडचण होते ती आईबापांच्या घाईने. शेजारच्या मुलाने तिसरी ग्रेड दिली, मग आपल्याने का नाही? अशा वेळी परीक्षेच्या तीन धुना वर्षभर घोटून घेतल्या जातात. मूल पास होते, आणि चौथी धून समोर ठेवली की गप्प बसते.

या तरुणाने त्यावर नियम केला आहे. परीक्षेत नसलेली एक धून विद्यार्थ्याने स्वतः निवडायची आणि ती प्रत्येक सबकाच्या शेवटी दहा मिनिटे घ्यायची. एका पालकांनी यावर शिकवणी बंद केली. त्याने फी गमावली, नियम सोडला नाही. धंद्यात असा एखादा नियम पाळायला हिंमत लागते, हे व्यापारी जाणतात.

हिशेब

आता मुद्द्याची गोष्ट. आकडे आम्ही नमुन्यादाखल धरतो, प्रत्येकाने आपल्या भागाप्रमाणे बदलून घ्यावेत. समजा सोळा विद्यार्थी आहेत, आठवड्याला एक तास, महिन्याला चार तासांचे २,४०० रुपये. महिन्याचे झाले ३८,४००. मे महिन्याची सुटी आणि शाळेच्या वार्षिक परीक्षा यांमुळे वर्षातले दोन महिने निम्मेच पैसे येतात असे धरू. वर्षाचे ४,२२,४०० रुपये. रिक्षा, बस, तारा, पुस्तके यांचे महिना ५,५०० म्हणजे वर्षाचे ६६,००० वजा करा. उरले ३,५६,४००, म्हणजे महिना २९,७००.

कोणी म्हणेल, दहा मुले एकत्र बसवून प्रत्येकी १,००० घेतले तर त्याच चार तासांचे १०,००० होतात, मग एकेकाला शिकवणे हा घाट्याचा सौदा नाही का? तरुणाचे उत्तर असे की, गर्दीच्या वर्गात मुले येतात लवकर आणि जातातही लवकर, सतत नवी शोधावी लागतात. एकेकाला शिकवलेले मूल वर्षानुवर्षे टिकते आणि धाकट्या भावंडाला घेऊन येते. आपण दुकानदार याला बांधलेले गिऱ्हाईक म्हणतो.

धोके सांगितलेच पाहिजेत. सबक ऐन वेळी रद्द होतो आणि तास फुकट जातो, म्हणून फी महिन्याच्या सुरुवातीला घ्यावी आणि रद्द करण्याचा नियम आधीच लिहून द्यावा. पूर्व आणि पश्चिम एकाच संध्याकाळी करू नये, आकुर्ली रोडच्या कोंडीत दोन सबकांचा वेळ जातो. फीची पावती द्यावी, उत्पन्न दाखवावे, विवरणपत्र भरावे. पुढे कर्ज मागायला गेल्यावर तोच कागद कामाला येतो. जीएसटीत कला व संस्कृतीशी संबंधित छंदाचे प्रशिक्षण एखादी व्यक्ती स्वतः देत असेल तर त्याला सूट आहे, आणि सेवांसाठी नोंदणीची मर्यादाही वर्षाला २० लाखांची आहे. तरी आपल्या हिशेबनिसाला एकदा विचारून घ्यावे.

दोन सवाल

वाद्य वाजवून रोजी कमावणे दुरुस्त आहे का, हा सवाल आपल्या घरांत उठणारच. उलमांमध्ये यावर मतभेद आहे. फाराबीने संगीतावर मोठा ग्रंथ लिहिला, आणि इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये समाअच्या विषयावर स्वतंत्र प्रकरण घालून त्याच्या शर्ती सांगितल्या. मनाई करणारेही मोठे आलिम आहेत. आम्ही व्यापारी आहोत, फतवा देणे आमचे काम नाही. ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे आणि दुसऱ्याच्या मुलावर बोट रोखू नये.

दुसरा सवाल आम्हाला जास्त टोचतो. या तरुणाचे वडील शेरवानीचे कटिंग करणारे जुने मास्टर आहेत. खांद्याचा तोल, कॉलरची बैठक, अस्तराची ढील यांत त्यांचा हात धरणारे थोडेच. पण त्यांच्यानंतर ते काम येणारा घरात कोणी नाही. मुलगा लहानपणी कारखान्यात बसला होता. त्याला दोन वर्षे तुरपाई आणि काज यांवर ठेवले. बघून बघून शीक, असे सांगितले, कारण मास्टर स्वतः तसेच शिकले होते. मुलगा कंटाळला आणि उठून गेला. आज तोच मुलगा दुसऱ्यांच्या मुलांना मापाने शिकवतो.

गेल्या वर्षी फॅशनचा कोर्स करणारी दोन मुले मास्टरांकडे शेरवानीचे कटिंग शिकायला आली. फी देतो म्हणाली. मास्टरांनी हात जोडले. "भाईसाहेब, इल्म विकायचा का?" असे ते आम्हाला म्हणाले. आम्ही त्यांना सांगितले, मास्टर, तुम्ही इल्म विकत नाही, तुमचा तास विकता. हुनर शिकवण्याची उजरत घेण्यात गैर नाही, हे आमच्या ओळखीच्या मौलानांनीही सांगितले. मास्टर विचार करीत आहेत. त्यांचे वय सत्तरीकडे झुकले आहे, डोळे पूर्वीसारखे राहिलेले नाहीत, आणि ते काम कागदावर कुठेच उतरलेले नाही.

मिरजेचा धडा

हुनर टिकायचे तर ते वेळेवर दुसऱ्या हातात गेले पाहिजे. मिरजेचे सतारमेकर हे याचे उत्तम उदाहरण. ही घराणी मूळची शिकलगारांची, हत्यारे घडवणारी आणि धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात हत्यारांची मागणी संपत आली, तेव्हा फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी सतार व तंबोऱ्याचे काम हाती घेतले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे, रंध्याचे काम, जवारी काढण्याची नजर हे सारे बापाने मुलाला, उस्तादाने शागिर्दाला एकेक करून दिले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाचा कागद सरकार देते, पण कान आणि हात उस्तादालाच द्यावे लागतात.

आमची सूचना

आपल्यात शेरवानीचे मास्टर आहेत, जरदोजीचे कारागीर आहेत, खातिब आहेत, लाकडावर नक्षी कोरणारे आहेत. त्यांना आमची सूचना अशी.

आठवड्यातला एक तास फक्त एका शागिर्दासाठी राखून ठेवा. त्या तासात त्याच्याकडून कारखान्याचे काम करून घेऊ नका, त्याला शिकवा. बाहेरचा शिकायला आला तर फी ठरवून घ्या. घरचा किंवा गरीब असेल तर माफ करा, पण तास मोडू नका. एक वही ठेवा आणि शागीर्द कुठे अडतो ते लिहा. लिहिता येत नसेल तर मुलाला किंवा मुलीला लिहायला बसवा. आणि 'बघून शीक' हे वाक्य बंद करा. आपण तसे शिकलो कारण दुसरा रस्ता नव्हता. आजच्या मुलापुढे दहा रस्ते आहेत, तो थांबणार नाही.

ज्या घरात असा उस्ताद बसला असेल त्या घरातील तरुणांनीही पुढे व्हावे. वही विकत आणावी, तास ठरवावा, पहिला शागीर्द स्वतः व्हावे. हे काम येत्या ईदनंतर करू, म्हणून ठेवू नये. अल्लाह आपल्या उस्तादांना सेहत देवो आणि त्यांच्या हुनरात बरकत देवो.